आजचा ओमर आजच: देव पुरवतो यावर भरवसा ठेवायला शिकताना

आमच्या रविवारच्या बायबल अभ्यासाला कुणी नवीन आलं की दोन-तीन आठवड्यांत हा प्रश्न येतोच, की ताई, देव पुरवतो देव पुरवतो म्हणता तर मग मी नक्की करायचं काय, नुसतं बसून राहायचं का. प्रश्न अगदी रास्त आहे आणि उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढतेय. मी जुना करार म्हणते, ज्यू लोक तनाख म्हणतात, पुस्तकं तीच, जवळजवळ सगळी हिब्रूतली. त्यात रोजच्या पोटाचा विषय इतक्यांदा येतो की पहिल्यांदा वाचणारा चकित होतो, पीठ, तेल, पाणी, अंगावरचे कपडे, सावकाराचं कर्ज, सगळं येतं. आणि वाचता वाचता मला जे कळलं ते आधीच सांगून टाकते, या पुस्तकांतली माणसं भरवसा हाताने ठेवतात. वेचतात, मोजतात, एक दिवस थांबतात, थोडं दुसऱ्यासाठी सोडतात. म्हणून खाली जे सांगतेय ते करून बघायचंय, नुसतं वाचून बाजूला ठेवायचं नाहीये.

आधी सामान. एक मराठी बायबल लागेल, घरात जुनं पवित्र शास्त्र पडलेलं असेल तर तेच घ्या, भाषा थोडी जुनी वाटेल पण चार दिवसांत कानाला सवय होते. फोनवर मराठी बायबलची अ‍ॅप फुकट मिळतात, ऐकायची सोयही असते, ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी भाकऱ्या करताना ऐकावं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि १९२२ मध्ये देवाघरी जायच्या थोडंच आधी ते काम पुरं केलं, दुष्काळातल्या शेकडो मुलींना रोज जेवू घालणाऱ्या बाईने हे काम केलंय हे लक्षात ठेवून वाचलं की शब्दांना वेगळं वजन येतं. दुसरं म्हणजे एक वही. साधी, शाळेतली. फोनमधली नोट नको कारण पानं उलटून मागचं बघायचंय आपल्याला.

आता सुरुवात कुठून करायची, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या वचनाने करू नका एवढंच सांगेन. सगळ्यात जास्त फिरणारं वचन म्हणजे यिर्मया २९:११, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचं ११वं वचन, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. वचन खरं आहे, मला स्वतःला प्रिय आहे, पण ते एका पत्रातलं आहे आणि ते पत्र गेलंय बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी, म्हणजे ज्यू, लोकांना. त्याच्या सहा वचनं आधी काय लिहिलंय बघा, घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा. आणि बरोबर एक वचन आधी, सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ते पत्र वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण परत येणार नव्हते, तरी त्यांना भाजी लावा म्हणून सांगितलंय. हे कळलं की वचनाचा गोडवा कमी होत नाही, उलट ते पोटात उतरतं. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या, कुठलंही वचन आवडलं की त्याच्या मागचा-पुढचा अख्खा अध्याय वाचायचा आणि हे कुणाला, कधी, कुठल्या अवस्थेत सांगितलंय ते वहीत लिहायचं.

मग पहिला आठवडा फक्त निर्गम १६, म्हणजे बायबलातल्या दुसऱ्या पुस्तकाचा सोळावा अध्याय. हो, एकच अध्याय, ३६ वचनं, दहा मिनिटांचं वाचन. सातही दिवस तोच.

पहिल्या दिवशी सलग वाचा आणि गोष्ट समजून घ्या. इस्राएली लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघून नुकता एक महिना झालाय, दुसऱ्या महिन्याचा पंधरावा दिवस असं सरळ दिलंय. मागे एलीमला बारा झरे होते आणि सत्तर खजुरीची झाडं, ती सावली सोडून आता सीनच्या रानात आलेत. खायला काही नाही. लगेच कुरकुर सुरू, की मिसरात मांसाच्या हंड्यांजवळ बसून पोटभर भाकर खात होतो तेच बरं होतं. नवीन वाचणाऱ्याला इथे वाटतं आता देव चिडणार. पण या अध्यायात कुरकुरीला पहिलं उत्तर म्हणून जेवणच येतं. संध्याकाळी लावे पक्षी, सकाळी दव, आणि दव उडालं की जमिनीवर काहीतरी बारीक, हिमकणासारखं. लोक एकमेकांना विचारतात, मान हू, म्हणजे हे काय आहे. तेच नाव पडलं, मान्ना. रोजच्या अन्नाचं नावच एक प्रश्न आहे, मला हे फार आवडतं, कारण देवाने पाठवलेलं कितीतरी वेळा आपल्याला पहिल्या नजरेत ओळखूच येत नाही. दिसायला धण्यासारखं, रंग पांढरा, चव मध घातलेल्या पोळीसारखी, इतकं बारीक वर्णन आहे.

दुसऱ्या दिवशी फक्त मापं शोधा. माणशी एक ओमर. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, आजच्या हिशोबात साधारण दोन लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज दहा लिटरचं भांडं भरून. हे कंजूष माप नाहीये बरं का. आणि १८वं वचन हळू वाचा, ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही आणि ज्याने कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. पण गोळा करायला जायला लागलंच. ऊन चढलं की वितळून जायचं, म्हणजे पहाटे उठून, वाकून, भांडं घेऊन. पुरवणारा देव, कंबर मात्र आपलीच. नुसतं बसून राहायचं का या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळून जातं.

तिसऱ्या दिवसापासून वही उघडा. सकाळी, घरातली गडबड सुरू व्हायच्या आधी, फक्त आजची गरज लिहायची. महिनाअखेरचा ईएमआय नाही, पुढच्या वर्षीची फी नाही, आज. दूध. पोराचे बसचे पैसे. आईच्या गोळ्यांची पट्टी संपलीय. ज्या कामाला घाबरतोय त्याच्यासाठी धीर, हीसुद्धा गरजच आहे, ती पण लिहा. मग त्या यादीवर बोट ठेवून एकेक गोष्ट देवाला सांगायची, साध्या मराठीत, घरात बोलतो तशी. रात्री झोपताना समोर लिहायचं की ती कुठून आली. पगारातून आली तर पगारातून, बहिणीने दिली तर बहिणीकडून, नाही आली तर नाही आली असंच लिहा, खोटी टिक करू नका. मी हे सुरू केलं तेव्हा मी जिथे कामाला होते तिथला पगार तीन महिने थकला होता आणि माझी सगळी प्रार्थना म्हणजे पुढच्या सहा महिन्यांचं टेन्शन घेऊन बसणं, याच्यापलीकडे काही नव्हतं. आजच्यापुरतं लिहायला लागले तर यादी चार-पाच ओळींची व्हायची. चार ओळी देवापुढे ठेवता येतात. सहा महिने एकदम उचलता येत नाहीत कुणालाच.

चौथ्या दिवशी किड्यांचं वचन, २०वं. काहींनी सकाळपर्यंत ठेवलं, त्यात किडे पडले, घाण वास सुटला. इथे सगळे विचारतात मग सेव्हिंग करायचं नाही का, एफडी मोडू का. नाही हो. त्याच पुस्तकांत मिसरचा कारभार बघणारा योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरायला लावतो, उत्पत्ती ४१, आणि नीतिसूत्रे ६ मध्ये आळशाला मुंगीकडे पाठवलंय, ती उन्हाळ्यात साठवते म्हणून. फरक मला असा दिसतो, योसेफाची कोठारं दुकाळात लोकांसाठी उघडली, आणि मान्ना दडवून ठेवणाऱ्याला मात्र उद्या सकाळी दव पडेल याचाच भरवसा नव्हता. तेव्हा बचत चालू ठेवा, फक्त ती कशासाठी ठेवलीय ते वहीत एका ओळीत लिहा. लिहिताना हात अडखळला तर तिथे थोडा वेळ थांबा.

पाचवा, सहावा, सातवा दिवस मिळून एकच धडा आहे, थांबायचा. शुक्रवारी दुप्पट, माणशी दोन ओमर, भाजायचं ते भाजा, शिजवायचं ते शिजवा आणि उरलेलं ठेवा, आणि त्या रात्री ठेवलेल्याला वास येत नाही. शनिवारी रानात काही नाही. तरी काही जण भांडं घेऊन बाहेर गेलेच, त्यांना काही मिळालं नाही. यहुदी घरांत शुक्रवारी रात्री टेबलावर आजही दोन पाव ठेवतात ते याच दुप्पट वाट्याची आठवण म्हणून, आणि वरून कापड घालतात, मान्नाला दव झाकायचं तसं. तुम्ही आठवड्यातला एक दिवस असा ठरवा, आमच्याकडे रविवार असतो, तुमचा जो असेल तो, त्या दिवशी कमवायचं नाही, ऑनलाइन काही मागवायचं नाही, बँकेचं अ‍ॅप उघडायचं नाही. आदल्या दिवशी स्वयंपाकाची तयारी करून ठेवा नाहीतर घरातल्या बाईचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, होतच नाही, हे पुरुष मंडळींना मुद्दाम सांगतेय.

हे जमतं का, तर आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या जमलंय. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल लोक, मराठी बोलणारे ज्यू, घाण्यावर तेल गाळायचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांचं नावच शनवार तेली ठेवलं. आजूबाजूला सगळे घाणे फिरत असताना आपला बैल सोडून ठेवायचा, आठवड्याला एक दिवसाची मिळकत जाऊ द्यायची आणि तरी पोटाला मिळेल असं धरून चालायचं, याला मी भरवसा म्हणते.

माझ्या आत्याच्या शेजारी अलिबागला असंच एक कुटुंब होतं, त्यांच्याकडून मलिद्याचं ताट यायचं. भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, बाजूला फळं. मला लहानपणी तो नुसता गोड पोह्यांचा प्रकार वाटायचा. नंतर कळलं की मलिदा करतात तेव्हा एलियाहू हनबीची आठवण काढतात, म्हणजे आपल्या मराठी बायबलातला एलीया संदेष्टा. दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडेच जायचंय.

१ राजे १७. पाऊस बंद झालाय. देव एलीयाला यार्देनेच्या पूर्वेला करीथ ओहोळापाशी लपायला सांगतो, तिथे कावळे सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणतात, पाणी ओहोळाचं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सातवं वचन मात्र घाईत सुटतं, काही दिवसांनी ओहोळ आटला. देवाने स्वतः दाखवलेला ओहोळ, आणि तो आटला. नवीन माणसाची नोकरी गेली, भाडेकरू निघून गेला, की त्याला वाटतं आपल्या विश्वासात खोट आहे. या वचनाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा. ओहोळ आटला तेव्हाच पुढचा पत्ता आला, सीदोनातलं सारफथ, म्हणजे परमुलूख, ज्या ईजबेल राणीमुळे एलीयाचा जीव धोक्यात, तिच्याच माहेरचा मुलूख. आणि तिथे कुणाच्या घरी, तर एका विधवेच्या, जी वेशीपाशी काटक्या वेचतेय. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, पोराला आणि मला शेवटचं करून खाऊ आणि मरू, असं ती सरळ सांगते.

पीठ संपत आलं की डब्यात वाटी घालताना तळाला घासल्याचा आवाज येतो, ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना तो आवाज झोपेतही कळतो. त्या बाईकडे एलीया आधी माझ्यासाठी एक लहान भाकर कर म्हणतो. तिने केली. पुढे काय झालं ते नीट वाचा, तिचं कोठार भरलं असं कुठेही लिहिलेलं नाही. पीठ संपलं नाही आणि तेल आटलं नाही, पाऊस पडेपर्यंत, एवढंच. मी त्या घराची सकाळ डोळ्यांपुढे आणते तेव्हा मला दिसतं की तिने मडक्यात हात घातलाय आणि बोटांना परत तळ लागतोय, आणि परत एका दिवसाचं पीठ मिळतंय. रोज तळ दिसतोय आणि रोज जेवण होतंय. ज्यांना वाटतं देव पुरवतो म्हणजे खात्यात मोठा आकडा दिसला पाहिजे त्यांनी हा अध्याय महिन्यातून एकदा तरी वाचावा.

त्याच्याच पुढे २ राजे ४ ची पहिली सात वचनं घ्या, कर्ज असेल तर आजच घ्या. सावकार दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलाय आणि एलीयाचा शिष्य अलीशा त्या विधवेला विचारतो, घरात काय आहे ते सांग. एक कुपी तेल. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडी नको, दार लाव, ओत. भांडी संपली तेव्हा तेल थांबलं. शेवटचं वाक्य फार व्यवहारी आहे, तेल वीक, कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि मुलं जगा. आधी कर्ज. वहीत एक पान करा, घरात काय आहे, त्यावर शिलाई मशीन, दुचाकी, येत असलेलं काम, ओळखीची माणसं सगळं लिहा, आणि शेजाऱ्यांकडे भांडी मागायला लाजू नका.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, सरवा. शेतातल्या माणसाला हा शब्द सांगावा लागत नाही, कापणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं वेचायची, तो सरवा. लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात देव शेतकऱ्याला सांगतो, शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नको, सरवा वेचू नको, द्राक्षं खुडून नागडी करू नको, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २४वा अध्याय त्यात भर घालतो, पेंढी शेतात विसरलास तर आणायला परत जाऊ नको. म्हणजे देव उपऱ्याला कसं पुरवतो, तर आकाशातून टाकून नाही, दुसऱ्याच्या शेताचा कोपरा राखून. रूथची चार अध्यायांची गोष्ट यावरच उभी आहे. मवाब देशातली, म्हणजे परकी, विधवा, सासू नामीबरोबर आलेली, बेथलेहेमात जवाची कापणी नुकती लागलेली. ती वेचायला जाते, शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो मुद्दाम काही कणसं ओढून टाका आणि तिला रागवू नका, आणि संध्याकाळी झोडून एफाभर जव निघतं, म्हणजे दहा ओमर. दुपारी तिला हुरडा मिळाला होता, भाजलेले दाणे, त्यातले पोटभर खाऊन उरलेले तिने पदरात बांधून सासूला आणून दिले. नामीने ते दाणे हातात घेतले असतील तेव्हा तिला काय वाटलं असेल.

करायचं काय, तर तुमच्या मिळकतीचा कोपरा ठरवा. रक्कम छोटी चालेल पण आधीच बाजूला काढा, उरलं तर देऊ असं नको. भाजीवालीकडे शेवटच्या दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका, कामवाल्या ताईंची सुट्टी कापू नका, हेही कोपरेच आहेत. आणि घेण्याची वेळ तुमच्यावर आली तर ताठ मानेने घ्या, सरवा ही भीक नव्हती, तो कायद्याने तुमचा होता.

प्रार्थनेसाठी तीन जागा पाठ करून ठेवा. स्तोत्र २३, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही, तिथून शेवटपर्यंत, कारण मृत्युच्छायेची दरी त्याच स्तोत्रात आहे. स्तोत्र १४५, जे यहुदी लोक दिवसातून तीनदा म्हणतात, त्यात तू आपली मूठ उघडतोस असं येतं. आणि नीतिसूत्रे ३०:८-९, अगूरची मागणी, मला गरिबी नको आणि श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे, पोट भरलं तर तुला विसरेन आणि उपाशी राहिलो तर चोरी करेन. इतकी प्रामाणिक प्रार्थना दुसरी क्वचित सापडेल.

आमच्याकडे गाण्यांत आणि गाडीच्या काचेवर यहोवा यिरे फार असतं, ते उत्पत्ती २२ मधलं. परमेश्वर पुरवेल असा अर्थ आपण सांगतो, पण हिब्रू क्रियापद बघणं याचं आहे, परमेश्वर बघेल. मराठी माणसाला हे फोड करून सांगायची गरजच नाही, घरातला मोठा माणूस तू झोप, मी बघतो म्हणतो तेव्हा आपल्याला जे कळतं तेच ते.

आणि नाहीच मिळालं तर? हे टाळून पुढे जाता येणार नाही. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि रूथचं पुस्तक सुरू होतं ते तिथे दुकाळ पडल्यापासून, नामी तिथून भरलेली गेली आणि रिकामी आली असं तीच म्हणते. त्या दिवसांत स्तोत्र १३ म्हणा, हे परमेश्वरा, कुठवर, चारदा विचारलंय, तुम्हीही विचारा. हबक्कूक ३ च्या शेवटी अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराठायी आनंद करीन असं आहे, पण ते ज्याचं त्याने म्हणायचं असतं, उपाशी माणसाला ते ऐकवायला जाऊ नका. त्याला आधी डबा घेऊन जा. रात्री वहीत नाही आलं लिहायला लागलं तर दुसऱ्या दिवशी ते संगतीतल्या एका तरी माणसाला सांगा, कारण कदाचित त्याच्या शेताचा कोपरा तुमच्यासाठीच राहिला असेल.

हे सगळं महिना-दीड महिना चालू द्या, मग यहोशवा ५ उघडा, १० ते १२, तीन वचनं. चाळीस वर्षांनी लोक कनान देशात गिलगालला पोचले, वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या आठवणीचा सण, केला, दुसऱ्या दिवशी त्या देशातलं धान्य खाल्लं आणि मान्ना थांबला. परत कधी दिसला नाही. ज्यांनी जन्मापासून तेच खाल्लं होतं त्यांना ती सकाळ कशी गेली असेल, दव पडलंय आणि खाली नुसती माती. माझा पगार परत सुरू झाला तेव्हा माझी वही बंद पडली होती, दोन महिने एक ओळ नाही, गरजच वाटेना. मग अभ्यासाला हीच तीन वचनं निघाली. घरी येऊन मी नवीन पान उलटलं, तारीख टाकली आणि लिहिलं, ज्वारी पाच किलो, आणि समोर, पगारातून.